नाकाला मोकळी हवा

बस, सिस्टर. पायरीवरच बस. कुलूप उघडू नकोस अजून. रात्रीची ओव्हर देऊन झाली, रजिस्टरवर सही झाली, बस मिळाली, कोपऱ्यावरून दुधाची पिशवीही घेतलीस. आत गेलीस की घर अंगावर येईल. डबा, शाळेचा गणवेश, सासूबाईंची गोळी, ओट्यावरची भांडी. त्याआधी मला तुझी दहा मिनिटं हवीत. बारा तास तू दुसऱ्यांना दिलेस. ही दहा तुझ्यासाठीच मागते आहे.

मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, आता निवृत्त आहे. वॉर्डात सिनियर बोलते तसं तुला 'तू' म्हणते आहे. ब्रदर असशील, तर यातला एकही शब्द तुला परका नाही.

पाय जमिनीला टेकव. टाचा दुखत असतील, दुखू देत. रात्रभर उभं राहिल्याने पोटऱ्या भरून आल्या आहेत, तिकडे जरा लक्ष दे. खांदे वर चढले आहेत का? त्यांना ओढून खाली आणू नकोस. श्वास सोडशील तसे ते उतरतील.

आता दोन्ही तळहात चेहऱ्यासमोर धर, नाकापासून चार बोटं लांब, आणि हलकेच वास घे.

निघताना तू साबणाने हात धुतलेस, तरी वॉर्ड तिथे आहेच. सगळ्यात वर सॅनिटायझरचा उग्रपणा. त्याखाली ग्लोव्हजचं रबर. मनगटापाशी बहुधा बेटाडीन. ओढणीला फिनेल, कारण पहाटे मावशी फरशी पुसत होत्या तेव्हा तू तिथेच वाकून कुणाची तरी सलाईन बदलत होतीस. आणि सगळ्यात तळाशी एक वास आहे, त्याला नाव नाही. खूप माणसं एका छपराखाली आजारी असली की तो आपोआप तयार होतो. तोंड फिरवू नकोस. त्याला घालवायचं काम साबण आणि गरम पाणी करणारच आहे. आत्ता फक्त ओळख दे. हा स्पिरिटचा. हा रबराचा. हा सात नंबरच्या आजोबांचा.

एक श्वास आत. त्याहून लांब श्वास बाहेर.

तुला कधी कुणी सांगितलं का, की तुझं नाक हे तुझं अवजार आहे? थर्मामीटर आणि बीपीच्या यंत्राइतकंच. नर्सिंगच्या पुस्तकात त्याचं प्रकरण नसतं, पण दोन वर्षं वॉर्डात काढलेल्या कुठल्याही सिस्टरला विचार. बेडपॅन उचलायच्या आधी तिला कळतं की ही डांबरासारखी काळी शी आहे, पोटात वर कुठेतरी रक्तस्राव होतो आहे, डॉक्टरांना उठवलं पाहिजे. मधुमेहाचा पेशंट गुंगीत असतो आणि त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळाचा गोडसर वास येतो. रक्तात कीटोन साठले आहेत, हे रिपोर्टच्या आधी नाक सांगतं. ड्रेसिंग सोडताना हिरवट पू दिसायच्या आधी द्राक्षांसारखा एक चुकीचा गोडवा येतो, आणि आपण स्वॅब पाठवायची तयारी करतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या तालुक्याच्या रुग्णालयात काम केलं असशील, तर कीटकनाशक प्यायलेल्या माणसाचा तो लसणासारखा वास तुला आयुष्यभर पुरेल. स्ट्रेचर दारातून आत येण्याआधी तो येतो, आणि हात अ‍ॅट्रोपीनच्या अ‍ॅम्प्यूल्सकडे वळलेला असतो.

स्कॉटलंडमध्ये पर्थ गावात जॉय मिल्न नावाची एक परिचारिका आहे. तिला आपल्या नवऱ्याच्या अंगाला एक नवा, कस्तुरीसारखा जड वास येऊ लागला. पुढे काही वर्षांनी त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं, आणि अशा रुग्णांच्या एका बैठकीला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हाच वास तिथल्या सगळ्यांना येतो आहे. संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. 12 जणांनी घातलेले टी-शर्ट तिला हुंगायला दिले, त्यातले सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे. तिने सहाही रुग्ण बरोबर ओळखले आणि निरोगी गटातला एक शर्टही रुग्णाचा म्हणून सांगितला. ती एक चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्स असल्याचं कळलं. आता मँचेस्टरचे शास्त्रज्ञ त्वचेवरच्या तेलकट थरातून हा आजार ओळखायची चाचणी घडवत आहेत. सुरुवात एका सिस्टरच्या नाकापासून झाली.

तेव्हा त्या नाकाला आधी मान दे. बोटाच्या टोकाने नाकाचा शेंडा हलकेच शिव. वाकडं वाटतं? वाटू दे. रात्रभर राबलेल्या हातांना तेल लावतो, पाय गरम पाण्यात बुडवतो. नाकाला कुणी काही विचारत नाही.

पुन्हा श्वास. सावकाश. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा लांब ठेव, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित संथ होतात. हे तुला नाडी मोजता मोजता दिसलंही असेल. जमत नसेल तर आकडे सोडून दे, नुसता सोडलेला श्वास लांबव.

ज्या वाटेने वास आत जातो, ती वाट जरा बघू. नाकाच्या छताशी बोटाच्या नखाएवढी जागा आहे. तिथे वास टिपणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींवर वास पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली त्यांची जनुकं शोधली आणि 2004 साली त्यांना नोबेल मिळालं. आपण जे पाहतो आणि ऐकतो, ते आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतं आणि मग पुढे जातं. वास त्या चौकीवर थांबत नाही. तो जवळपास सरळ तिथे पोचतो जिथे भीती आणि आठवण शेजारी शेजारी राहतात. म्हणून विचार सुरू व्हायच्या आधीच वासाने डोळ्यात पाणी येतं. म्हणूनच ड्युटी संपून चार तास झाले, स्वयंपाकघरात काहीतरी करपलं, आणि बर्न्स वॉर्ड आठवून तुझा हात थांबला. तू दुबळी आहेस म्हणून नाही. ती वाटच तशी आहे.

पण याच वाटेने दुसरंही काही आत नेता येतं. आज त्यासाठीच तुला बसवलं आहे.

एक वास आठव. बाटलीतला नको. तुझ्या आयुष्यातला, रुग्णालयाच्या आधीचा. घाई करू नकोस. मनात जे पहिलं येईल ते कदाचित तुझं नसेल, जाहिरातीतलं असेल. त्याच्या मागे बघ. सिंधुदुर्गातली असशील तर चैत्रातली सुरंगी असेल, वेंगुर्ला-सावंतवाडीच्या बाजारात वळेसर विकायला बसलेल्या बायांची. देशावरची असशील तर उन्हाळ्यात माठात टाकलेला वाळा असेल, किंवा जोतिबाला वाहायचा दवणा. नागपूरकडची असशील तर संत्र्याची साल सोलताना उडालेला बारीक फवारा, जो डोळ्यात गेला की चुरचुरतो. अंगणातल्या पारिजातकाचा सडा असेल. गवती चहा आणि आलं घातलेला, उकळून उकळून काळा झालेला चहा असेल. तो फुलाचा-अत्तराचाच असला पाहिजे असं नाही. माझ्याबरोबरच्या एका मल्याळी सिस्टरला खोबरेल तेल तापवल्याचा वास पुरायचा. ती डोळे मिटून क्षणभर कोट्टयमला जाऊन यायची.

माझा वास बकुळीचा आहे. आई गजरा सुकला की टाकायची नाही, ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवायची. बकुळ सुकते, तपकिरी होते, हाताला कडक लागते, पण वास सोडत नाही. नर्सिंग स्कूलच्या हॉस्टेलवर जाताना आईने माझ्या ट्रंकेत असा एक गजरा टाकला होता. पहिल्यांदा बॉडी बांधली त्या रात्री मी खोलीवर येऊन ट्रंक उघडली आणि झाकण धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. त्या वेळी 'अरोमाथेरपी' हा शब्द मला माहीत नव्हता.

शब्दाची गोष्ट लहान आहे. रने-मोरिस गातफॉसे नावाचा एक फ्रेंच रसायनतज्ज्ञ अत्तरांच्या धंद्यात होता. 1937 साली त्याने याच नावाचं पुस्तक काढलं आणि शब्द रूढ झाला. त्यानंतर लव्हेंडर या उपचाराचं जणू निशाण बनलं. आपल्याकडे जम्मूच्या भद्रवाहमध्ये आता लव्हेंडरची शेती होते, डोंगर जांभळे दिसतात. त्या तेलातला एक मुख्य घटक लिनालूल. तो आपल्या मोगऱ्यातही असतो. परिचारिकांवर लव्हेंडरचे प्रयोगही झाले आहेत. तैवानमध्ये शंभराहून थोड्या जास्त परिचारिकांपैकी निम्म्यांच्या गणवेशावर, छातीच्या उजव्या बाजूला, तीन टक्के लव्हेंडर तेलाची इवलीशी बाटली टाचली होती. बाकीच्यांच्या बाटलीत तेल नव्हतं. ज्यांच्याकडे वास होता, त्यांच्या ताणाच्या तक्रारी त्या तीन-चार दिवसांत कमी झाल्या. इराण आणि तुर्कस्तानातही असे अभ्यास झाले.

मी तुझ्याशी खरं बोलणार आहे, कारण औषधाच्या बाबतीत सिस्टरशी खोटं बोलू नये. हे अभ्यास लहान आहेत आणि थोड्या दिवसांचे आहेत. शिवाय गोळी साखरेची आहे की खरी, हे पेशंटपासून लपवता येतं. वास कसा लपवणार? ज्याला सुगंध येतो त्याला माहीतच असतं की आपल्याला उपचार मिळतो आहे. म्हणून यातून एवढंच म्हणता येतं की वासाने घटकाभर बेचैनी उतरते. वर्षानुवर्षांचा थकवा वासाने जातो, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण घटकाभर उतरलेली बेचैनी ही काय चीज असते, हे रात्री तीन वाजता जागं असणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आणि माझं स्वतःचं मत सांगते, पटलं तर घे. तो वास वॉर्डात नेऊ नकोस. वास ज्या प्रसंगाजवळ ठेवावा त्याचा होतो. तू तुझी सुरंगी धावपळीच्या ड्युटीत छातीशी टाचलीस, तर महिन्याभरात सुरंगीलाच वॉर्डाचा वास लागेल, आणि मग गावी गेल्यावर फुलवालीपुढे उभी राहून तुला आयसीयूचा अलार्म ऐकू येईल. वॉर्डात दम्याचा पेशंट असतो, नवजात बाळ असतं, केमोने मळमळणारी बाई असते. आपला सुगंध त्यांना सोसवत नाही. तो वास ड्युटी संपल्यावरचाच ठेव. फक्त दाराशी, फक्त या दहा मिनिटांपुरता. मग तोच एक दार होतो.

तेल वापरणारच असशील तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब पुरे. न मिसळलेल्या तेलाचा थेंब कातडीवर नको, पोटात तर कधीच नको. कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस, त्याने झटके येतात. दिवस गेलेले असतील किंवा तुला स्वतःला धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोकं दुखायला लागलं तर बोळा फेकून दे. खरं तर बोळाही नको. एक लवंग चालेल, तुळशीची दोन पानं चालतील, संत्र्याची साल चालेल.

कोविडने ज्यांचा वास नेला, त्यांना 'वास आठव' म्हटलं की पोटात कालवतं. 2020 साली माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी सकाळी उठून चहाचा कप नाकाशी धरून बसायच्या आणि काही यायचं नाही. तू त्यांच्यातली असशील, तर हे ऐक. नाकातल्या वासाच्या पेशी मरतात तशा नव्या येतातही, आयुष्यभर. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली एक साधा सराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, या चार वासांपुढे रोज सकाळ-संध्याकाळ काही क्षण लक्ष देऊन थांबायचं, बारा आठवडे. काही येत नसलं तरी थांबायचं. काहींचा वास परत येतो, काहींचा अर्धा येतो. ज्या दिवशी काहीच आलं नाही, त्या दिवशीचं थांबणंही वाया जात नाही.

आता डोळे मिट. तुझी लवंग, तुझी साल, तुझं सुकलं फूल नाकाजवळ आण. काही हाताशी नसेल तर आठवणीतलाच वास घे.

ओढून घेऊ नकोस. वास घशाशी धरून ओढला की डोकं जड होतं. तो येईल तेवढा येऊ दे. तू फक्त दार उघडं ठेव.

पहिल्या श्वासात फक्त तो वास आहे. गोड आहे की तिखट? थंड आहे की ऊबदार? त्याला एखादा रंग असता तर कोणता?

दुसऱ्या श्वासात जागा येईल. ओसरी असेल, माजघर असेल, एसटी स्टँड असेल. ऊन कुठून येतं आहे तिथे? तुझी उंची किती आहे? बहुधा तू लहान आहेस, फळीवरच्या डब्याला हात पुरत नाही. कुणाच्या तरी लुगड्याचा पदर दिसतो आहे. चेहरा दिसला नाही तरी चालेल.

तिसऱ्या श्वासात बघ की त्या मुलीला तू सिस्टर आहेस हे माहीत नाही. तिला कुणाची औषधाची वेळ पाळायची नाही. तिला कुणी हाक मारत नाही आहे.

तिच्यापाशी थांब. मी बोलत नाही.

झाली असतील चार-पाच मिनिटं. आता एक गोष्ट घडली असेल. वास कमी झाला. कदाचित नाहीसाच झाला. लवंग तीच आहे, हवा तीच आहे, पण नाकाने सांगायचं थांबवलं. घाबरू नकोस, बोळ्यावर आणखी थेंब घालू नकोस. नाक असंच करतं. एकच वास सतत आला की ते ठरवतं, यात नवं काही नाही, धोका नाही, आणि त्याकडे पाठ फिरवतं. वॉर्डात पाऊल टाकल्यावर पाहुण्याला जो वास सहन होत नाही, तो तुला दहा मिनिटांत येईनासा होतो, तो याच कृपेने. ही सोय नसती तर आपल्यापैकी कुणीही पहिला महिना काढला नसता.

याच जागी आज तुझ्याबरोबर थोडं जास्त बसायचं आहे.

मनाचंही असंच होतं, सिस्टर. माझी बावीस वर्षं झाली होती नोकरीला. ऑर्थोपेडिक वॉर्ड, रात्रपाळी, जमिनीवर गाद्या घालून झोपवलेले धरले तर पंचावन्न पेशंट आणि मी एकटी स्टाफ. सकाळी एका म्हाताऱ्या पेशंटची सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भांडायला आली नव्हती. तिने हळूच विचारलं, "सिस्टर, बाबा रात्रभर तुम्हाला हाका मारत होते. तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी कामात होते असं म्हणणार होते. मग लक्षात आलं, की त्या रात्री दोन तास मी टेबलापाशी बसून चार्ट भरत होते, त्यांचा पलंग पंधरा पावलांवर होता, आणि मला खरंच ऐकू आलं नव्हतं. कान शाबूत होते. हाक येत होती. आत कुणीतरी ठरवलं होतं, यात नवं काही नाही.

मी त्या बाबांपाशी गेले, त्यांची कूस बदलली, पाणी दिलं. ते काही बोलले नाहीत. तो प्रसंग मी कुणाला सांगितला नाही बरीच वर्षं. मला वाटायचं मी वाईट नर्स झाले आहे, माझी माया आटली आहे. पुढे कळलं की याला नाव आहे, बर्नआउट. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी 1981 साली त्याचं मोजमाप तयार केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याची तीन लक्षणं मांडली. जीव थकून जातो. कामाबद्दल मन दूर जातं, कडवट होतं. आणि आपण काही नीट करू शकतो यावरचा विश्वास जातो. त्याच संघटनेने एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती तू लक्षात ठेव. हा आजार नाही, ही नोकरीतून उद्भवणारी अवस्था आहे. कामाच्या ठिकाणचा ताण सतत राहिला आणि त्याची व्यवस्था नीट लावली गेली नाही, की ती येते.

म्हणजे तुझ्यात काही बिघडलेलं नाही. जे नाकाने केलं तेच मनाने केलं. फार वेळ, फार जवळ, एकसारखं दुःख होतं, म्हणून त्याने सांगायचं थांबवलं.

आता उजवा हात डाव्या कोपरापाशी ने. बाही जरा वर सरकव. कोपराच्या आतल्या लवणीत नाक ने आणि श्वास घे. दिवसभर वास पारखणारे अत्तरवाले असंच करतात. नाक थकलं की स्वतःच्या कातडीचा वास घेतात. तिथे तू आहेस, ना स्पिरिट, ना लवंग. थोडा घाम, थोडा सुती कापडाचा वास. आता मान वर कर आणि समोरची हवा घे. रस्ता आहे, कुणाच्या घरी पोहे होत आहेत, कुठेतरी ओली माती आहे. आता परत लवंग नाकाशी आण.

आली ना?

ती गेलीच नव्हती. नाक गेलं होतं, आणि ते परत आलं आहे. त्याला परत आणायला जास्त तीव्र वास लागला नाही. मोकळी हवा लागली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव आपण दरवर्षी 12 मेला घेतो, दिवा लावतो, शपथ म्हणतो. तिच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या 1859 च्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण कशावर आहे? हवेवर. खिडक्यांवर. त्या काळी दुर्गंध झाकायला धुरी देत, औषधं शिंपडत. तिचा त्यावर भरवसा नव्हता. वास मारून काय होणार, ज्या वस्तूमुळे वास येतो ती उचला, असं तिचं सरळ म्हणणं होतं. दीडशेहून जास्त वर्षं झाली. आज कुणी परिचारिकांच्या खोलीत डिफ्यूझर लावून देत असेल, तणावमुक्तीचं एका दुपारचं शिबिर घेत असेल, तर त्यांचे आभार मान, तिथे जा, डोळे मिटून बस. पण तुझी अडचण सुगंधाच्या कमतरतेची नाही, हे विसरू नकोस. सर्वसाधारण वॉर्डात सहा पेशंटमागे एक परिचारिका असावी, हा निकष सरकारच्याच कागदावर आहे. तू काल रात्री किती जणांमागे एक होतीस, ते तुला माहीत आहे. जागा रिकाम्या असतात, एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्युटी, कंत्राटावर आलेली पोरगी वर्षभरात निघून जाते आणि नवीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. 2022 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा लोकांनी विचारलं, सेवा करणारी माणसं अशी कशी वागतात? त्या बायका फक्त खिडकी उघडा म्हणत होत्या.

ड्युटी लिस्ट ज्यांच्या हाती आहे, भरतीच्या फाइलवर ज्यांची सही लागते, त्यांनी हे वाचलं तर माझी हात जोडून विनंती आहे. सुगंधी तेलाच्या बाटल्या नंतर. आधी रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या. सलग नाइट्सनंतरचा ऑफ कापू नका.

तुझ्याकडे परत येते. राग आला असेल, तर तोही श्वासाबरोबर येऊ दे, त्यातही एक ऊब आहे. त्याला लवंगेने झाकू नकोस. तो योग्य ठिकाणी वापरायचा आहे, संघटनेच्या बैठकीत, अर्जात, 'नाही जमणार' म्हणताना. इथे पायरीवर त्याला थोडा वेळ शेजारी बसव.

एकदा काल रात्रीतल्या एका माणसाला आठव. जो वाचला तोच हवा असं नाही. ज्याची हाक तुला ऐकू आली, तो. तू त्याच्या उशीची खोळ नीट केलीस, किंवा नुसतं "येते हं" म्हणालीस आणि खरंच गेलीस. त्याला तुझं नावही माहीत नसेल. श्वास आत. श्वास बाहेर.

आणि ज्याची हाक ऐकू आली नाही, तोही आठवत असेल तर आठव. त्याच्यासाठी स्वतःला शिक्षा करायची नाही. नाक परत येतं, तसं तेही परत येतं, हे मी स्वतःवर पाहिलं आहे. त्या सकाळनंतर मी पंधरा दिवस अर्जित रजा टाकली होती, आयुष्यात पहिल्यांदा कारण न देता. गावी जाऊन नुसती झोपले. परत आल्यावर पहिल्याच रात्री कोपऱ्यातल्या पलंगावरून कुणी कण्हलं आणि मी खुर्चीतून उठले होते.

हळूहळू डोळे उघड. हातातली लवंग तोंडात टाक नाहीतर कुंडीत टाक, तिचं काम झालं. कुलूप काढ. कपडे थेट पाण्यात भिजव, अंघोळ कर, पोटात काहीतरी गरम जाऊ दे. भांडी दुसऱ्या कुणीतरी घासू दे, तसं सांग. खिडकीचा पडदा ओढ, पण खिडकी बंद करू नकोस.

आज तुझा ऑफ आहे. दुपारी वॉर्डातून फोन येईल, एकजण आली नाही म्हणून. ऑफ आहे एवढंच सांग, आणि कूस बदलून झोप.